कराड कोर्टात ज्युनिअर आहे. वकिली रेटू की पुण्यातली नोकरी धरू?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी कराडला दिवाणी वकिली करणाऱ्या एका सीनिअरांकडे ज्युनिअर आहे. पाच वर्षांचा कोर्स, मग सनद, मग बार कौन्सिलची ती ऑल इंडिया परीक्षा, सगळं रीतसर पार पडलं. वडील शेतकरी, ऊस आणि थोडं आलं. आमच्या घरात माझ्याआधी कोर्टाची पायरी चढले ते फक्त आजोबा, तेही बांधाच्या वादात पक्षकार म्हणून.

माझा दिवस असा: सकाळी ऑफिस झाडून घेतलं की बोर्ड बघायचा, फायली काढायच्या, अकराला कोर्ट. सीनिअर वरच्या कोर्टात अडकले तर खाली मी उभी राहून मुदतीचा अर्ज द्यायचा. नकलांचे अर्ज, बेलिफाचा भत्ता भरणं, नोटिशीवरचे पत्ते. संध्याकाळी पक्षकार येतात तेव्हा मी कोपऱ्यात टायपिंग करत असते. उलटतपास अजून एकही घेतलेला नाही. महिन्याला जे हातात पडतं त्यात पेट्रोल आणि मोबाइल निघतो.

पुण्यात एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला जागा आहे. करार तपासायचे, पगार चाळीस हजार. आई म्हणते जा. वडील काहीच म्हणत नाहीत, म्हणजे तेही जा म्हणतात. मैत्रीण म्हणते, न्यायाधीशाची परीक्षा दे. सीनिअर म्हणतात, "दहा वर्षं थांब, मग बघ." दहा वर्षं नेमकं काय करत थांबायचं, ते मात्र सांगत नाहीत.

मला कोर्ट आवडतं. आमचं काम नसेल तरी चांगला युक्तिवाद चालू असला की मी मागच्या बाकावर जाऊन बसते. पण आवडीवर घर चालत नाही. घरची गादी नसताना तालुक्याच्या कोर्टात ज्यांनी वकिली उभी केली त्यांनी सांगावं. सुरुवातीची वर्षं कशी काढलीत? काम कुठून आलं? आणि अजून मन लागतं का?

कंपनीवाला

मी हिंजवडीत आहे, त्याआधी शिवाजीनगर कोर्टात चार वर्षं काढली. नोकरीला नावं ठेवणार नाही. पगार वेळेवर येतो, शनिवार-रविवार आपला असतो, घराचं कर्ज मिळतं. वकिलाला कर्ज मागायला बँकेत जाऊन बघा एकदा.

पण एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल तर सांगतो. पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीस की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे प्रॅक्टिस करता येत नाही, कळवून सनद स्थगित करावी लागते. आणि न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचार असेल तर सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ च्या निकालात तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. कंपनीतली वर्षं त्यात धरली जाणार नाहीत. म्हणजे तुझ्यापुढे तीन वाटा दिसतात, पण त्यातल्या दोन कोर्टातूनच जातात. पुढच्या जाहिरातीत अट नेमकी कशी लिहिली आहे ते मात्र स्वतः वाच, व्हॉट्सॲपवर विसंबू नकोस.

आमच्याकडे करार वाचणारे पुष्कळ आहेत. तो करार मोडला तर कोर्टात काय होईल हे सांगू शकणारे कमी. तीन-चार वर्षं कोर्ट करून आलीस तर आज मिळतोय त्यापेक्षा चांगला पगार मागू शकशील.

निशाणी_पाच

मी तासगावला दिवाणी करते, थोडी फौजदारी. वडील एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे गादीचा प्रश्नच नव्हता. लांबेल, चहा घेऊन बस.

सीनिअर दहा वर्षं म्हणतात ते चूक नाही, अर्धवट आहे. नुसती वर्षं काढून वकील तयार झाला असता तर आमच्या बार रूममध्ये कॅरम खेळणारे सगळे आज ज्येष्ठ विधिज्ञ असते.

आधी पैशाचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार महिना द्यावा. ती सूचना आहे, सक्ती नाही, आणि तालुक्यात ते परिपत्रक दाखवून कुणाकडून पैसे निघालेले मी पाहिले नाहीत. त्यापेक्षा सीनिअरांकडे दुसरी गोष्ट माग: ऑफिसचं काम सांभाळून स्वतःच्या नावावर किरकोळ कामं घ्यायची परवानगी. ती बहुतेक सीनिअर देतात, कारण त्यांच्या खिशाला झळ लागत नाही. जे तीही देत नाहीत त्यांच्याकडे राहू नये.

आता काम कुठून आलं. माझं आलं बेदाण्यातून. आमच्याकडे व्यापारी माल उचलतो, पुढच्या तारखेचा चेक देतो, आणि काही चेक परत येतात. कलम १३८, म्हणजे चेक न वटल्याची फिर्याद. मी सुरुवात केली तेव्हा मोठे वकील या फिर्यादी हलक्या समजायचे. मी हावरटासारख्या घेतल्या. बँकेचा मेमो आला की तीस दिवसांत नोटीस, ती पोचली की पंधरा दिवस थांबायचं, मग महिन्याच्या आत फिर्याद. एक तारीख चुकली की खेळ आटोपला. विलंब माफीचा अर्ज असतो, पण त्याच्या भरवशावर कुणी फिर्याद लावत नाही. मुदतीची भीती अंगात मुरली ती तिथे. दुसरं म्हणजे या फिर्यादींचा सांगाडा एकच असतो, त्यामुळे उलटतपास शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. आरोपीचा बचावही ठरलेला: "कोरा चेक तारण म्हणून दिला होता." कायद्याचं गृहीतक फिर्यादीच्या बाजूने असतं, तरी माल खरंच दिला का, वजनकाट्याच्या पावत्या कुठे आहेत, हे प्रश्न येतातच. मी दोन्ही बाजूंनी उभी राहिले. फिर्यादीकडून चार कामं केली की आरोपीकडून काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

एका व्यापाऱ्याने बचावाची साक्ष दिली, तेव्हा त्याला मी वजनाच्या पावत्यांवरून एकेक विचारत गेले. आवाज चढवला नाही, "खोटं बोलताय" असं म्हटलं नाही, फक्त तारखा विचारल्या. त्याला शिक्षा झाली, अपिलात जाऊन तडजोड झाली. पुढे तोच माणूस माझ्या ऑफिसात. बाहेरच्या एका पार्टीने त्याचा चेक बुडवला होता. म्हणाला, "मॅडम, मला घाम फोडला होतात, आता त्याला फोडा." माझ्या कामातला मोठा भाग असा पलीकडच्या बाजूने आलेला आहे. तुझा स्वतःचा पक्षकार तू जिंकून दिलंस तर म्हणतो केस खरीच होती, आणि हरलीस तर तुझं नाव गावभर करतो. समोरचा मात्र तुला बघत असतो. त्याला शिव्या घालणारा वकील नको असतो, त्याला हरवणारा हवा असतो. म्हणून साक्षीदाराचा अपमान करून पक्षकाराला खूश करण्याच्या फंदात पडू नकोस. गॅलरीत टाळ्या पडतात, पुढे काम येत नाही.

बाई म्हणून सांगायचं तर पहिली काही वर्षं ऑफिसात आलेला प्रत्येक म्हातारा विचारायचा, "मोठे वकील कधी येणार?" यावर चिडून उपयोग नाही. मी त्यांच्याच फायलीतलं बोलायला लागायची: अमुक गट नंबर, फेरफार कधी धरला, हरकत कुणी घेतली होती. तिसऱ्या वाक्याला म्हातारा खुर्ची ओढून बसायचा. आणि दुसरी गोष्ट, तुला पोटगी आणि घटस्फोटाची कामं आपोआप येतील, कारण लोकांना वाटतं बाईने तेच करावं. घे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. जमिनीची कामं अंगावर घेतलीस की बार रूममध्ये बोलण्याचा सूर बदलतो.

जमिनीत वाटपाचे दावे. यात सगळं काम दावा लावण्याआधी असतं. पक्षकार सांगतो, "आम्ही तिघं भाऊ." तिथे थांबून विचारायचं: बहिणी किती? हयात आहेत का? नसतील तर त्यांची मुलं? हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वाद मिटला की वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असोत वा नसोत, तिचा हक्क जन्माने आहे. म्हणून पुढचा प्रश्न: आधी वाटप झालंय का, कधी, आणि कशाने? २० डिसेंबर २००४ च्या आधीचं नोंदणीकृत वाटपपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तर गोष्ट वेगळी. "तोंडी झालं होतं" असं सगळेच म्हणतात. एक बहीण पक्षकार करायची राहिली किंवा एक गट दाव्यात घ्यायचा राहिला, तर सहा वर्षांनी कोणीतरी तेवढ्यावर दावा पाडतो. मी पहिल्या भेटीत वंशावळ स्वतःच्या हाताने काढते, आठ-अ आणि सगळे फेरफार आणल्याशिवाय दाव्याचं एक वाक्य लिहीत नाही. पक्षकार वैतागतो. वैतागू दे.

याच भेटीत काही कामं परतही जातात. एक गृहस्थ बहिणींची हक्कसोडपत्रं करून घ्यायला आले होते, अट एवढीच की कशावर सही करतायत ते बहिणींना कळू नये. त्यांना नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाकडे त्यांचं काम झालंही असेल. मला त्याचा अभिमान वगैरे नाही, त्या महिन्यात फी बुडाल्याचं वाईट वाटलं होतं. पण त्या बहिणींपैकी कोणी उद्या कोर्टात माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर तालुक्यात तोंड दाखवता आलं नसतं. शहरात वकील हरवून जाऊ शकतो. आपल्याकडे त्याच बाजारात भाजी घ्यायची असते.

आता जे तुला कुणी सांगणार नाही ते: दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची बजावणी, शिक. हुकूमनामा झाला की वकिलाचा सत्कार होतो, पेढे वाटतात, आणि पक्षकार पुढची दहा वर्षं ताब्यासाठी हिंडतो. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात पुन्हा सांगितलं आणि सगळ्या हायकोर्टांकडून आकडे मागवले. देशभरात आठ लाखांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं निघालं आणि सर्वांत मोठा ढीग मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत. एवढं काम पडलंय आणि करणारे हातावर मोजण्याइतके, कारण ते कंटाळवाणं आहे. वाटपाचा हुकूमनामा असेल तर शेतजमिनीचं प्रकरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडे जातं, तिथून तहसील, मग भूमी अभिलेखची मोजणी, वाटपाचा तक्ता, हरकती, आणि शेवटी ताबा. या रस्त्यावरचं प्रत्येक टेबल ज्या वकिलाला माहीत आहे त्याच्याकडे दुसरे वकीलच पक्षकार पाठवतात. माझ्याकडे पाठवतात.

मन लागतं का, विचारलंस. निकालाच्या दिवशी फारसं काही वाटत नाही, समोरचा अपिलात जाणार हे माहीत असतं. पण एकदा मंडल अधिकारी ताबा द्यायला आले, पंचनामा चालू होता, आणि माझी पक्षकार, सत्तरीची बाई, सारखी रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं भाऊ येऊन भांडेल म्हणून घाबरलीय. तिने ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, तो अजून आला नाही म्हणून ती चिडली होती. सही वाळायच्या आत नांगर लागला. तेव्हा वाटतं, हा धंदा बरा आहे.

बारनिशी_निवृत्त

मी वकील नाही. साताऱ्यात आणि आसपासच्या कोर्टांत लिपिकापासून सहायक अधीक्षकापर्यंत नोकरी केली. टेबलाच्या अलीकडून जे दिसतं ते सांगतो.

नवीन वकिलाचं काय होणार हे न्यायाधीशांच्या आधी बारनिशीला, म्हणजे दावे दाखल करून घेणाऱ्या टेबलाला कळतं. काही जणांचा दावा आला की आम्ही पेन बाजूला ठेवायचो, कारण आक्षेप निघायचाच नाही. मूल्यांकनाचा परिच्छेद बरोबर, कोर्ट फी पुरी, कागदांची यादी जुळलेली, पानांना नंबर, पडताळणीवर तारीख. आणि काही मोठ्या नावाच्या वकिलांचे दावे असे यायचे की मजकुरात मधेच आधीच्या पक्षकाराचं नाव. जुना दावा काढायचा, नाव बदलायचं, एक ठिकाणी राहून जायचं. प्रतिवादीच्या वकिलाला आयतं कोलीत.

ताईंनो, आता ई-फायलिंग आलं, केसचा सीएनआर नंबर टाकला की पक्षकाराला घरी बसून रोजनामा दिसतो. "साहेब रजेवर होते म्हणून तारीख पडली" ही थाप पूर्वी खपायची. आता पक्षकाराचा पोरगा मोबाइल पुढे करतो: "मॅडम, इथे तर लिहिलंय वादीचे वकील गैरहजर." म्हणून पुकाऱ्याला हजर राहा. यात हुशारी लागत नाही, तरी निम्म्या लोकांना जमत नाही.

कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं उत्तर, तीस दिवसांत द्यायची असते, कोर्ट फार तर नव्वदपर्यंत मुभा देतं. मुदत मागून जगणारे वकील मी भरपूर पाहिले. त्यांची प्रॅक्टिस चालते, नाही असं नाही. पण कोर्ट कमिशनर नेमायचा झाला की त्यांचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. मोजणीला किंवा जागेच्या पाहणीला कमिशनर म्हणून ज्युनिअरला नेमतात, फी पण मिळते. अहवाल वेळेत आणि नकाशासकट दिला की पुढच्या वेळी साहेब स्वतः विचारतात, त्या कमिशनर मॅडम आहेत का.

निशाणी मॅडम, बाकी सगळं पटलं. कॅरमवाल्यांना मात्र उगाच बोललात. त्यातले दोन उत्तम मध्यस्थ झालेत आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घेण्याची सवय त्यांना तिथेच लागली असं मला वाटतं.

निशाणी_पाच

@बारनिशी_निवृत्त कॅरमवाल्यांची माफी. आमच्या बारमधल्यांची नाही.

कृष्णाकाठची

वाचून झाल्यावर वडिलांना निशाणी ताईंचा ट्रॅक्टरचा किस्सा वाचून दाखवला. ते पहिल्यांदाच या विषयावर काहीतरी बोलले. "नांगरट कितीला पडली असेल," एवढंच.

ताई, अजून दोन विचारते. फी कशी सांगायची? मला पैसे मागताना घशात अडकतं. आणि अपघाताच्या दाव्यात किंवा भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात टक्क्यांवर काम घेतात, सगळे तसंच करतात असं ऐकलं. तसं घेतलं तर पक्षकारालाही बरं पडतं ना, आधी काही द्यावं लागत नाही?

निशाणी_पाच

टक्केवारीचं आधी सांगते. दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवून काम घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. चालतं, हे मलाही माहीत आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी बघ काय होतं. नवरा गेलेली बाई मोटार अपघात न्यायाधिकरणातून मिळालेली रक्कम घ्यायला येते आणि वकिलाचं लक्ष तिच्या पासबुकाकडे. तडजोड करावी की लढावं हा सल्ला मग तिच्या सोयीचा राहत नाही, वकिलाच्या टक्क्याचा होतो. आणि नंतर ती द्यायला नाही म्हणाली तर कोणत्या तोंडाने मागणार? तो करारच कोर्टात टिकत नाही. ज्यांच्याकडे खरंच पैसे नाहीत त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतला माणूस यांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्या पॅनलवर तू स्वतः अर्ज कर. मानधन थोडं आहे, पण केस पूर्ण तुझी असते, उलटतपाससकट. तुला तोच हवाय.

फी टप्प्यांनी सांग. दावा तयार करून दाखल करेपर्यंत अमुक, निशाणी ५ च्या म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर चौकशी झाली तर अमुक, पुरावा सुरू झाला की अमुक, युक्तिवादाला अमुक. कागदावर लिहून एक प्रत त्याला दे. कोर्ट फी, नोटिसा, नकला हा खर्च वेगळा, त्याची पावती वेगळी. घशात अडकतं कारण आपण सगळी रक्कम एकदम मागतो आणि आपल्यालाच ती जास्त वाटते. पहिल्या भेटीचे पैसे मात्र घे, थोडे का होईना. फुकट दिलेला सल्ला माणूस आणखी तीन वकिलांना विचारून तपासतो.

रीलवर "मोफत सल्ल्यासाठी संपर्क" टाकणारी नवी मुलं दिसतात. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, तक्रार झाली तर सनदेवर येतं. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत जाऊन वारसनोंद कशी करायची हे लोकांना समजावून सांग, विधी सेवेची शिबिरं असतातच. चार माणसं नंतर विचारत येतात.

सर्किट_बेंच

एक बाजू राहिली म्हणून लिहितो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. मी आधी मुंबईत होतो, लोकल आणि भाड्याच्या खोलीत निम्मी कमाई जायची. आता इथे आहे. कराडहून तू सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचू शकतेस, हे तुझ्या सीनिअरांच्या पिढीला मिळालं नाही. त्यांनी तर या बेंचसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली.

निशाणी ताईंशी थोडा मतभेद. तालुक्यातच मुरायचं हा सल्ला मला आता जुना वाटतो. खालच्या कोर्टातली साक्ष, रोजनामा, कागद सगळं मराठीत, हायकोर्टाचं काम इंग्रजीत. दोन्हीकडचं नीट वाचता येणारा ज्युनिअर इथे लगेच लागतो. मुंबईहून येणाऱ्या सीनिअरांना 'निरंतर मनाई' आणि 'ताबा वहिवाट' समजावून सांगताना मी दमतो. तुझं इंग्रजी ड्राफ्टिंग बरं असेल तर अपिलाचे मुद्दे काढायला शीक, कराडची केस कोल्हापूरला तूच घेऊन ये. खालच्या साक्षीत नेमकं काय सुटलंय हे तुला माहीत असेल, वरच्यांना पानं चाळावी लागतात.

फौजदारीत रस असेल तर आणखी एक संधी आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नवे कायदे, आधीच्यांना भारतीय दंड विधान. ज्येष्ठांच्या तोंडात अजून ३०२ आणि ४२० आहे, कोर्ट विचारतं १०३ आणि ३१८. निदान कलमांच्या बाबतीत तुम्ही आणि ते एकाच रेषेवर आहात. असं पुन्हा होईल असं वाटत नाही.

निशाणी_पाच

मतभेद नाहीच. उलटतपास न घेता हायकोर्टात गेलेला वकील अपिलाचे मुद्दे कुठून काढणार, एवढंच माझं म्हणणं. आधी चार-पाच वर्षं साक्षीपुराव्यात घालव, मग कोल्हापूर आहेच. रस्ता तोच आहे, फक्त आता टोलनाके कमी.

कृष्णाकाठची

पुण्याला नाही कळवलंय. आईला अजून सांगायचं आहे.

सीनिअरांना विचारलं, एखादा औपचारिक साक्षीदार मला द्याल का. म्हणाले, पुढच्या महिन्यात तलाठ्याची साक्ष आहे, प्रश्न लिहून आण, बघतो. आणि त्यांच्या कपाटात खालच्या फळीवर जुन्या दरखास्तींच्या फायली आहेत, कुणी हात लावत नाही. त्या मागितल्या तर हसले आणि किल्ली दिली. पहिली फाइल उघडल्यावर आधी काय बघू?

निशाणी_पाच

हुकूमनाम्याची तारीख. बजावणीला बारा वर्षं असतात, निरनिराळ्या दरखास्ती आधी दाखल होऊन काढून टाकलेल्या असतील तर त्यांच्या तारखाही लिही. मग वादी-प्रतिवादींत कोण वारलंय आणि वारस रेकॉर्डवर घेतलेत का ते बघ. मग आजचा सात-बारा काढ. दावा चालू असताना जमीन कुणाला विकली असेल तर घाबरू नकोस, घेणाऱ्यावर तो हुकूमनामा सहसा बंधनकारक असतो, पण तो हरकत घेऊन उभा राहणार हे धरून चाल. प्रतिवादीच्या नावावर दुसरीकडे कर्जाचा बोजा दिसला तर तोही टिपून ठेव.

हे सगळं एका पानावर मांड आणि ते पान फायलीला वरून लाव. सीनिअरांना तोंडी सांगू नकोस, पान वाचायला दे. आणि मूळ हुकूमनाम्याची नक्कल फायलीत आहे का ते आधी तपास, बऱ्याचदा झेरॉक्सच असते. नसेल तर उद्याच नक्कल विभागात अर्ज टाक. जुनं रेकॉर्ड साताऱ्याहून मागवावं लागलं तर वेळ जातो.